सोडलेला कोपरा

१

दिनानाथ फॉरेस्टरला दोन गोष्टी मुळीच खपत नसत. एक वाकडी रेघ आणि दुसरं साचलेलं पाणी. रोह्याच्या स्टँडवर चहा घेतानासुद्धा बशीत सांडलेला चहा तो आधी ओतून टाकी आणि मगच कप तोंडाला लावी. वरसे गावाच्या पुढे रान सुरू होतं तिथे त्याची चौकी होती आणि चौकीला लागूनच राहायच्या दोन खोल्या. भोवतीचे चर त्याने स्वतःच्या हाताने खणले होते. आभाळ फाटलं तरी त्याच्या अंगणात पायाचा तळवा भिजत नसे. त्याची बायको मालू शेजारणींना सांगे, "आमच्याकडं पाऊस नुसता पाया पडून जातो. ऱ्हायची परवानगी नाय त्याला."

अशा माणसाच्या हद्दीत 'बुडीत' नावाची जागा असावी, ही गंमतच म्हणायची. रानाच्या मधोमध तो एक खोलगट तुकडा होता. पावसाचं पाणी तिथे माघापर्यंत उभं राही आणि लव्हाळ्याशिवाय काही उगवत नसे. चौकीवर बदलून आल्यापासून ते पाणी दिनानाथच्या डोळ्यांत सलत होतं. अखेर एका वैशाखात त्याने मजूर लावले, दोरी धरली आणि बुडिताच्या पोटातून थेट ओहोळापर्यंत चर काढला. या टोकाला डोळा लावला तर त्या टोकाचा ओहोळ दिसावा इतका सरळ. वरचे साहेब पाहायला आले आणि "वा!" म्हणाले. तो 'वा' दिनानाथला पुढे बरेच दिवस पुरला.

"पाणी गेलं की मातीत हवा शिरते आणि हवा शिरली की मूळ शिरतं," हे तो भेटेल त्याला समजावून सांगे, एसटीच्या कंडक्टरलासुद्धा. पावसाच्या तोंडाला बुडितात सागाच्या जड्या, म्हणजे छाटलेली खोडमुळं, लावल्या. श्रावणात रोपं गुडघ्याला आली. रोज सकाळी चहा झाला की काठी घेऊन चराच्या काठाने जायचं, अडकलेला पाला उकलायचा, वाहत्या पाण्याचा आवाज ऐकायचा आणि परत यायचं, हा त्याचा नेम. एखाद्या दिवशी देवपूजा चुके, हा नेम चुकत नसे.

भाद्रपदातल्या एका सकाळी पाण्याच्या आवाजाखाली त्याला दुसराच एक आवाज ऐकू आला. कोणीतरी कच्चं गाजर दातांनी बारीक बारीक तोडत असल्यासारखा. तो थांबला तसा आवाजही थांबला.

२

त्याच सकाळी सागाचं एक रोप मान टाकलेलं दिसलं. दिनानाथने ते धरून ओढलं तर हातात अलगद आलं. खाली मूळ नव्हतंच. बोटांनी माती उकरली तेव्हा आत पांढरी, जाड, अंगाचं वेटोळं केलेली अळी पडलेली होती. हुमणी. त्यात नवल काही नव्हतं. उभ्या पाण्यात हुमणीला श्वास मिळत नाही, ती गुदमरून मरते. मोकळ्या मातीत ती सुखाने नांदते. ज्या वाटेने मूळ शिरतं त्याच वाटेने मूळ खाणारेही शिरतात, एवढाच त्याचा अर्थ. दिनानाथला हे ठाऊक होतं. फक्त कंडक्टरला समजावताना तो तेवढं वगळत असे.

"पाणी होतं तवा ही अवलाद नव्हती हिथं," मजुरांचा मुकादम महिपती म्हणाला.

"फवारू औषध."

"फवारा. पण फॉरेस्टरसाहेब, तुमी जरा हिकडं या."

महिपतीने त्याला चराच्या तोंडाशी नेलं. तिथे एक हातभर उंचीचा, गुळगुळीत दगड उभा होता, शेंदराने माखलेला. त्याच्यापुढे फुटलेला नारळ होता. दगडाभोवतीची सगळी रोपं कोलमडली होती. हुमणी कुठेही पडते, इथे दोन रोपं खाईल, तिथे चार. इथे मात्र दगड मधोमध ठेवून तिने गोल घेरा खाल्ला होता आणि घेऱ्याबाहेरचं एक पानही सुकलेलं नव्हतं.

"हौसा म्हनते, देवाला ऊन लागतंय," महिपती म्हणाला. हौसा म्हणजे मजूरबायांतली सगळ्यांत थोरली. चर खणताना दगड निघाला तेव्हा "देव निघाला" म्हणून पहिली ओरडली ती, आणि दुसऱ्या दिवशी तो चराच्या तोंडाशी उभा करून शेंदूर लावला तोही तिनेच. "आधी पाण्यात गार होता म्हनं."

"हौसाला सांग, काम कर," दिनानाथ म्हणाला आणि दगडाकडे न बघता परत फिरला. त्या दगडाकडे तो वैशाखापासून बघत नव्हता. तो देव नव्हता, हे त्या रानात फक्त त्यालाच माहीत होतं.

३

दगड होता फ्लोराचा.

दिनानाथच्या गावात इझिकेलशेटचा तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून त्या यहुदी लोकांना सगळे शनवार तेली म्हणत. दिनानाथ लहानपणी तेलाचं भांडं घेऊन जाई तेव्हा इझिकेलशेटची बायको सिपोरा त्याच्या हातावर तिळाच्या पेंडीचा तुकडा ठेवी. स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या पावसाळ्यात त्यांची मुलगी फ्लोरा तापाने गेली. अजून रांगत होती. कुंडलिकेला पूर आलेला आणि त्यांची दफनाची जागा पलीकडच्या तीरावर. वाट पाहून पाहून शेवटी इझिकेलशेटने पांढऱ्या कापडात गुंडाळलेली पोर रानात नेली आणि बुडिताच्या काठावर मातीआड केली. अक्षरं कोरायला कोणी नव्हतं, म्हणून नुसताच दगड उभा केला. पुढे पाणी पसरत गेलं आणि काठ बुडितातच जमा झाला.

घाणा मोडून पेणला राहायला जाण्याआधी म्हातारा दिनानाथला घेऊन मुद्दाम तिथे आला होता. गुडघाभर पाण्यात उभा राहून त्याने दगडावर हात ठेवला. "दिना, रान तुझ्या ताब्यात हाय. येवढा कोपरा सोड."

"सोडला, शेट," दिनानाथ म्हणाला होता.

आणि वैशाखात दोरी धरली तेव्हा ती बरोबर त्या दगडावरून गेली. चर दोन हात वाकवला असता तर झालं असतं. वाकडा चर पाहून साहेब हसतील, एवढ्या एका विचाराने त्याने दोरी हलवली नाही. "चौकीवर काम आहे" असं सांगून तो निघून गेला आणि दगड निघेपर्यंत परतला नाही. खाली काय सापडलं, हे त्याने महिपतीला विचारलं नाही. महिपती आपणहून एवढंच म्हणाला होता, "पाणीच पाणी निघालं, बाकी काय नाय." ते ऐकून त्याला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं आठवलं की आता त्याचे कान तापत. त्याने कोपरा सोडला होता खरा, पण इझिकेलशेटने सांगितला तसा नाही.

४

आश्विनात पोपट कंडक्टरने पेणहून निरोप आणला. गाडी स्टँडवर लागली होती आणि पोपट खिडकीतून वाकून बोलत होता.

"सिपोराबाय येनार हायेत मंगळवारी, वडखळवरनं सकाळच्या गाडीनं. म्हातारा तर गेला मागल्या साली. पोरगा हाय ना, अब्राहम, तो घिऊन चाललाय त्यांच्या देशाला. त्यांचा खिरीचा सण झाला, आता निघायचं म्हनतात. त्याच्याआधी पोरीची जागा बघायचीय त्यांना. म्हनाल्या, दिनाला सांग, बाकी कोनाला नको."

दिनानाथच्या हातातला चहा बशीत सांडला. तो त्याने ओतून टाकला नाही, तसाच धरून उभा राहिला. खरं सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. पण सांगायचं कसं? तुमच्या पोरीवरून मी चर नेला, कारण वाकडा दिसला असता? एवढ्याशा कारणाचीच त्याला जास्त लाज वाटली. कारण मोठं असतं तर कदाचित तोंड उघडता आलं असतं.

५

सोमवारी भर दुपारी, मजूर जेवायला गेले असताना, तो रॉकेलची बाटली आणि नारळाची शेंडी घेऊन बुडितात गेला. ऊन रणरणत होतं. दगडापुढे बसून तो शेंदूर घासू लागला. हौसाने तेलात कालवून थरावर थर चढवले होते. रॉकेल लावलं की लाल पाणी ओघळे आणि त्याच्या मनगटापर्यंत येई. अशा वेळी कोणी आलं तर आपण देवाचा शेंदूर काढतोय म्हणून दगड मारील, आणि सिपोराकाकी आली तर काय करील ते सांगताच येत नाही, असं त्याच्या मनात आलं.

खालून कुरतडण्याचा आवाज येत होता. आता तो थांबत नव्हता. हुमणी असते ती, दिनानाथने स्वतःला समजावलं. पण हुमणीचा आवाज कधी कोणाला ऐकू आला आहे का? आलाही असेल. माती मोकळी झाली की आवाज जास्त लांब जात असेल.

तेवढ्यात मागे चराचा काठ ढासळला. मातीचा मोठा लगदा पाण्यात पडला आणि दिनानाथने वळून पाहिलं.

हुमणीची अळी कोषात जायच्या वेळी मातीत स्वतःपुरती खोली करते. त्या खोलीत ती गोल गोल फिरत राहते, त्यामुळे आतली भिंत चोपून गुळगुळीत होते. नांगरताना अशा खोल्या कितीतरी फुटतात, सुपारीएवढ्या. चराच्या काठात आता तशीच एक खोली उघडी पडली होती. ती पाळण्याएवढी होती.

आतली भिंत तुळतुळीत होती, हात फिरवून फिरवून केलेली. तिच्यात जागोजागी पांढरे धागे लिंपले होते, कापडाचे. आत कोणी नव्हतं. वरच्या बाजूला एक भोक होतं आणि ते वाकडंतिकडं होत दगडाच्या दिशेने गेलं होतं.

 मजुरांचे आवाज आले तसा तो भानावर आला आणि त्याने पहिलं काम केलं ते म्हणजे मजुरांच्या फावड्याने माती ओढून ती खोली बुजवली. मुळाच्या सडण्याने पोकळी पडते, कापूस कुठूनही वाहत येतो, असं तो मनाशी घोकत होता. घोकत होता आणि घाईने माती दाबत होता. हे करताना त्याला भीतीपेक्षा शरमच जास्त वाटली, कारण त्या पोरीला तो दुसऱ्यांदा झाकत होता.

६

मजुरांना मंगळवारची सुट्टी सांगून त्याने लवकर घरी पाठवलं आणि संध्याकाळ व्हायच्या आत दगड उचलून बुडिताच्या वरच्या अंगाला नेला. तिथे ऐनाचं एक झाड होतं आणि त्याच्या बुंध्याशी कुदळ लागलेली नव्हती. झाडाखाली त्याने दगड नीट उभा केला, भोवती पाला पसरला, रानफुलं ठेवली. आजूबाजूची सागाची रोपं टवटवीत होती. जागा इतकी छान दिसू लागली की क्षणभर त्यालाच खरी वाटली.

घरी मालूने त्याचे हात पाहिले. "अवो, हे लाल कसलं?"

"झाडांना खुणा करत होतो."

"खात्याचा रंग तर गेरूचा असतो," ती म्हणाली आणि तिने त्याला पाणी तापवून दिलं.

मंगळवारी सकाळी तो नेमाप्रमाणे काठी घेऊन निघाला. चराच्या तोंडाशी जिथे दगड होता तिथे आता काही आवाज नव्हता. सगळं शांत होतं. ऐनाखाली मात्र कालची टवटवीत रोपं दगडाभोवती गोल घेऱ्यात माना टाकून पडली होती.

७

सिपोराकाकी रोह्याहून टांग्याने आली आणि वरशाच्या पुढे चालत आली. अंगाने सुकली होती. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं, हातात एक झाकणाचा डबा. तिने दिनानाथच्या गालावरून हात फिरवला.

"केवढा झालास रे. पेंड खायला यायचास ना?"

"व्हय काकी."

"पाणी कुठं गेलं?" बुडिताशी येताच ती थांबून म्हणाली. "मी तर लुगडं खोचून यायच्या तयारीनं आले."

"काढलं. साग लावलाय."

"बरं केलंस. पोर इतकी वर्षं पाण्यात हाय, ह्याच विचारानं मला झोप नसायची बघ. आता कोरडी झाली."

दिनानाथने मान खाली घातली. ती दगडाशी गेली, गुडघे टेकून बसली आणि तिने दगडावरून बोटं फिरवली. एका खाचेत शेंदूर राहिला होता. तिचं बोट तिथे थांबलं.

"हे काय रे लाल?"

आता सांगायचं, असं त्याने ठरवलं. तोंड उघडलंही. "खात्याची खूण," तो म्हणाला. "ही जागा तोडायची नाय म्हणून."

तिचे डोळे भरून आले. "म्हंजे सरकारनं पण दखल घेतली माझ्या पोरीची? आमचे हे म्हनायचे, दिनानं शब्द दिलाय, दिना विसरायचा नाय." तिने त्याचा हात धरून स्वतःच्या कपाळाला लावला. त्या हातावरचा लाल डाग अजून गेला नव्हता. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं, आणि वाटल्याबरोबर त्याने घाबरून पायाखाली पाहिलं.

सिपोराकाकीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, तोंडातल्या तोंडात काही म्हटलं आणि डबा उघडून त्यात मूठमूठ माती भरू लागली. मग ती एकाएकी थांबली. तिने तळवा जमिनीवर सपाट ठेवला.

"दिना. हिथं हात लाव."

"काकी, हुमणी असते. कीड."

"लाव रे."

त्याने हात लावला. मातीच्या खालून तळव्याला काहीतरी टेकलं आणि ढकलून गेलं. पुन्हा टेकलं.

"पोटात होती तवा अशीच लाथ मारायची," सिपोराकाकी हळूच म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. "आई आलेली वळखली बघ तिनं."

या झाडाखाली कधी कोणाला पुरलं नव्हतं. काल संध्याकाळपर्यंत इथे नुसती माती होती. हे तिला सांगायचं तर बाकीचं सगळंच सांगावं लागलं असतं. दिनानाथने हात मातीवरून काढून घेतला.

तिने आजूबाजूच्या सुकलेल्या रोपांकडे पाहिलं. "हिथं सगळं मरतंय रे. कीड हाय म्हनतोस. दगड तुझ्या दाराशी नेऊन ठेव. मी काय परत येत नाय आता, आणि दुसरं कोन हाय तिला? तुझ्या वटीत घालते."

ती पदराचा शेव धरून त्याच्यापुढे उभी राहिली. बाई बाईच्या ओटीत घालते तसं. दिनानाथला कळेना काय करावं. त्याने खाकी सदऱ्याचा घोळ दोन्ही हातांनी पुढे धरला आणि म्हाताऱ्या बाईने त्यात चिमूटभर माती टाकली.

दुपारच्या गाडीने ती गेली. डबा तिने मांडीवर घेतला होता आणि त्यावर तळवा ठेवला होता. गाडी सुटताना ती खिडकीतून हसली. डब्यात काय चाललं होतं ते तिला एकटीला ठाऊक.

८

दगड त्याने त्याच दिवशी अंगणात आणून उभा केला. तेवढं तरी करायलाच हवं होतं. मालूने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "खुणेचा दगड आहे, असू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणातल्या शेवंतीने माना टाकल्या. मग अबोलीने. मग तुळस एका बाजूला कलली. मालूने ती सावरायला हात लावला तर तुळस वृंदावनातून उपटून हातातच आली.

दिनानाथ विहिरीवर गेला. त्याने कळशी आणली आणि दगडाभोवती ओतली. पाणी उभं राहिलं तर ती गार होईल, शांत होईल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पण ते अंगण त्याने स्वतः बांधलेलं होतं. पाणी जमिनीला टेकलं आणि क्षणात चराला लागलं. तो कळशीवर कळशी ओतत राहिला. हाताने माती ओढून बांध घालू लागला, चर बुजवू लागला, नखं भरली, कोपरापर्यंत चिखल झाला. पाणी कुठूनतरी वाट काढीच. इतकं नेटकं काम त्याने आयुष्यात दुसरं केलं नव्हतं.

मालू दारात उभी राहून हे पाहत होती. मग ती एकदम मागे सरली आणि सारवलेल्या जमिनीकडे पाहू लागली.

"अवो," ती म्हणाली. "खालनं कोन ठोकतंय?"

दिनानाथ रिकामी कळशी धरून उभा होता. खुणेचा दगड, गेरूचा रंग, हुमणी, सगळं त्याच्या जिभेवर तयार होतं. त्याला त्या सगळ्याची इतकी लाज वाटली की त्यातलं काहीच बाहेर पडलं नाही.

"फ्लोरा," तो म्हणाला. "इझिकेलशेटची पोर. माझ्याकडं सोपवलेली."

ठोकणं थांबलं. हाक ऐकून लहान पोर थांबतं, तसं.

मग ते पुन्हा सुरू झालं, उंबऱ्याच्या आतल्या बाजूने.